माळवद उतरलं, पत्रा आला: औसा तालुक्यातल्या एका माळ्याचं प्रकरण

मे 2023 मधल्या एका दुपारी मी आईच्या घराचा माळा चढले, हातात थर्मामीटर घेऊन. शिडीच्या वरच्या पायरीवर डोकं माळ्यात गेलं आणि कानाच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या. पाच मिनिटांत पारा 52 अंशांवर जाऊन थांबला. बाहेर लिंबाच्या सावलीत 41 होतं. खाली खोलीत आई जमिनीवर ओलं फडकं पसरून पडली होती, कारण पंखा लावला की वरून गरम वाराच अंगावर यायचा.

घर औसा तालुक्यातलं. राहतात आई आणि आप्पा, दोघंच. आई 71 वर्षांची, आप्पा 78. भाऊ पुण्यात, मी लातूरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. प्रत्येकी 12 बाय 10 च्या दोन खोल्या, पुढे ओसरी, वर दुपाखी पत्रा आणि पत्र्याखाली फळ्यांचा माळा. माळा मधोमध साडेचार फूट उंच, कडेला जेमतेम दीड. त्या फळ्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या आहेत. या घराचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून थकून झोपलेले. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. सुमारे 8,000 माणसं गेली, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. आमचं गाव त्यांत नव्हतं. घर उभं राहिलं, पण पश्चिमेची भिंत फुगली आणि माळवदाचा एक कोपरा खाली आला. आप्पांनी त्या हिवाळ्यात माळवदाची सगळी माती उतरवली. पाट्या भरभरून माती खाली येताना मी पाहिली आहे. ती मागच्या परसात टाकली, आणि तो ढीग गुडघाभर उंच व्हायला आठ दिवसही लागले नाहीत.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्यांचा दाट थर, त्यावर पाला, आणि त्यावर पांढरी माती. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून वर नवी माती टाकायची. जुनी कुणी काढत नसे. त्यामुळे छत पिढ्यान्‌पिढ्या जड होत जायचं. आमच्याकडे थर हातभर, म्हणजे दीड फूट होता. एका घनमीटर मातीचं वजन साधारण 1,600 किलो धरलं, तर आमच्या दोन खोल्यांवर 16 टन माती होती. भिंती दगडाच्या, पण दोन थरांच्या. मध्ये चिखल आणि चिपा भरलेल्या, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारे लांब दगड नाहीत. जमीन हलली तशा अशा भिंती फुगून फुटल्या आणि वरचं सगळं माणसांवर आलं.

म्हणून आप्पांनी पत्रा घातला. भिंती खिडकीच्या तळापर्यंत उतरवल्या, वर विटा आणि काँक्रीटचा पट्टा घेतला. त्यांनी केलं ते बरोबरच केलं. पण मातीबरोबर गारवाही गेला, आणि तीस वर्षं आई दर उन्हाळ्यात त्या गारव्याची आठवण काढते. गारव्याचं नाव निघालं की आप्पा उठून बाहेर जातात.

आधी काय करून पाहिलं होतं

2019 मध्ये भावाने पुढच्या खोलीवर थर्माकोल लावून घेतलं. कामगाराने अर्ध्या इंचाचे तक्ते थेट पत्र्याला चिकटवले. पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात तक्ते मऊ पडून लोंबायला लागले, कारण थर्माकोलला पत्र्याची ती धग सतत सोसत नाही. मुंग्यांनी त्यात घर केलं, उंदरांनी कोपरे कुरतडले, आणि झाडताना पांढरे मणी आईच्या पिठात पडायला लागले. त्याहून वाईट गोष्ट मला नंतर कळली. विजेची वायर त्या तक्त्यांना टेकून गेली होती. थर्माकोल पेटतं तेव्हा वितळून जळते थेंब खाली पडतात. माळ्यावर आप्पांचे बारदान, खाली झोपलेली माणसं. मी ते सगळं त्याच आठवड्यात काढून टाकायला लावलं.

दुसरा सल्ला सगळ्यांनीच दिला: पत्रा काढा, स्लॅब टाका. आप्पांचं उत्तर एकच होतं. "डोक्यावर वजन नको. बाकी काय करायचं ते कर." नीट बांधलेला स्लॅब आणि माळवद यांत फरक आहे हे मला माहीत आहे, पण जुन्या दगडी भिंतीवर स्लॅब टाकायचा तर आधी खालून कॉलम उभे करावे लागतात, म्हणजे घर जवळजवळ नवंच बांधायचं. आणि 78 वर्षांच्या माणसाला त्याची भीती चुकीची आहे असं सांगायला मी गेले नाही. ती चुकीची नाहीच.

उष्णता नेमकी कुठून येते

दोन दिवस मी मोजत बसले. चार साधे थर्मामीटर: लिंबाखाली एक, माळ्यावर एक, खोलीत डोक्याच्या उंचीवर एक, ओसरीत एक. शिवाय पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन कॉलेजातून मागून आणली. या गनची एक खोड लक्षात ठेवायला हवी. चकचकीत धातूवर रोखली की ती खोटं सांगते, आकडा फार कमी दाखवते. म्हणून पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजलं. दुपारी दोनला पत्रा 66 अंश. माळ्याच्या फळ्या खालच्या बाजूने 45. खोलीतली हवा साडेचाळीस.

आकड्यांपेक्षा त्यांचा क्रम बोलका होता. गरम हवा वर राहते, खाली उतरत नाही. मग माळ्याच्या फळ्या 45 पर्यंत तापल्या कशा? तापलेला पत्रा निखाऱ्यासारखा खाली धग फेकतो, तिने. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यातून घरात येणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा या फेकलेल्या धगीचा, म्हणजे प्रारणाचा असतो. हे एकदा कळलं की उपायांचा क्रमही कळतो: आधी पत्रा कमी तापू द्यायचा, मग त्याने फेकलेली धग अडवायची, माळ्यावर साठलेली हवा बाहेर काढायची, आणि तरीही जे उरेल त्याला फळ्यांवर थांबवायचं.

पत्र्याबद्दल एक गैरसमज आमच्या भागात पक्का आहे. नवा कोरा जस्ती पत्रा चकाकतो, ऊन परतवतो, म्हणून तो तापत नाही, असं लोक धरतात. तरी तो तापतो. कारण तो घेतलेली उष्णता सहज सोडत नाही. साधा पांढरा रंग ऊन परतवतो आणि घेतलेली उष्णता आकाशाकडे सोडतोही. आमचा पत्रा तर गंजून तांबूस झालेला, त्यामुळे तो ऊन गिळत होता.

आडतीच्या काट्यावर

फळ्यांवर काय घालायचं, यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, किंवा कडबा फुकट मिळतो, पण तो पेटतो आणि उंदीर-घुशी बोलावतो. शेवटी रॉकवूल ठरलं, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर. ते पेटत नाही. 50 मिलिमीटर जाड, घनमीटरला 48 किलोचं, एका बाजूला चंदेरी कागद चिकटवलेलं. मी हिशेब करून आप्पांना सांगितलं की दोन खोल्यांचं मिळून 54 किलो होईल. त्यांचा विश्वास बसला नाही.

लातूरहून टेम्पो आला तो गावात शिरण्याआधी आप्पांनी आडत दुकानापाशी थांबवला. जिथे त्यांची सोयाबीन दर वर्षी मोजली जाते, त्याच काट्यावर त्यांनी एकेक गठ्ठा ठेवायला लावला. हमाल हसत होते, आप्पा हसत नव्हते. खिशातली वही काढून प्रत्येक आकडा लिहिला, बेरीज केली, चष्मा काढून पुन्हा केली. गुंडाळलेल्या प्लॅस्टिकसकट 55 किलो 400 ग्रॅम. मग ते स्वतः काट्यावर उभे राहिले. काटा 56 वर थांबला.

"माझ्याएवढंच हाय की," ते म्हणाले, आणि टेम्पोवाल्याला पुढे चलायला सांगितलं.

उष्णता अडवण्यापुरतं बोलायचं तर ते 54 किलो त्या 16 टनांपेक्षा कमी पडत नाहीत. कोरड्या मातीच्या दीड फूट थरापेक्षा हे दोन इंच जास्त अडवतात. देशात घरांच्या ऊर्जाबचतीसाठी 2018 मध्ये इको निवास संहिता आली. तिच्यात छतातून एका चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला, 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये असं म्हटलं आहे. नुसतं हे रॉकवूल धरलं तरी आकडा 0.8 च्या आत येतो. खेड्यातल्या दोन खोल्यांना संहिता लागू नाही, पण मापाला घेतली तर आईचं छत तिच्यात बसतं.

मातीचा एक गुण मात्र लोकरीत नाही, आणि तो मला पुढे नडला. त्याकडे येतेच.

काम

काम नोव्हेंबरात काढलं, कारण उन्हाळ्यात त्या माळ्यावर कुणाला चढवणं हा गुन्हाच आहे. गावचे मिस्त्री, त्यांचा पुतण्या, आणि सुट्टीच्या दिवशी मी. सहा दिवस लागले.

पहिला दिवस गेला दगड काढण्यात. आमच्याकडे वावटळीत आणि वळवाच्या पावसात पत्रे उडतात म्हणून वर दगड ठेवायची रीत आहे. आमच्या पत्र्यावर 23 होते, काही दोन माणसांनी उचलायचे. डोक्यावर वजन नको म्हणणाऱ्या आप्पांच्या डोक्यावर तीस वर्षं ते होते, आणि त्यांनाही हे कधी सुचलं नव्हतं. दगड खाली घेतले आणि पत्रा रबरी वायसरच्या स्क्रूंनी लोखंडी पाइपांना आवळला. स्क्रू पत्र्याच्या फुगीर भागावर मारायचा, खोलगट भागात मारला की तिथून पाणी शिरतं. जुन्या खिळ्यांची भोकं बंद केली. शेजारच्या घरावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, त्यांनाही हे करायचं होतं. त्यांना मी भोकं पाडू नका, कोरडा ब्रश घासू नका, असं सांगितलं. त्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ छातीत जाते.

मग रंग. तारेच्या ब्रशने गंज घासून लाल प्रायमर, वर छतासाठीच्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. घासायला जितका वेळ लागला त्याच्या निम्मा रंगाला लागला नाही.

घराच्या दोन्ही टोकांच्या तिकोनी भिंतींत आढ्याच्या खाली दीड बाय एक फुटाची भोकं पाडून जाळी बसवली. जाळी बारीक, उंदीर आणि चिमण्या येणार नाहीत अशी, वर पावसासाठी पत्र्याची झडप. वळचणीच्या फटी विटांनी बुजवायच्या असा मिस्त्रींचा आग्रह होता. त्या मी बुजवू दिल्या नाहीत, फक्त जाळी मारली. हवा खालून शिरली तरच वरून निघते.

पत्र्याखाली पाइपांना तार बांधून त्यावर चंदेरी बबल शीट ताणली, पत्र्यापासून तीन-चार बोटं अंतर ठेवून. दुकानदार हिच्या बुडबुड्यांचं कौतुक करतात, पण बुडबुड्यांचं काम थोडं आहे. काम चकचकीत बाजूचं, आणि ती मोकळ्या हवेकडे असली तरच. पत्र्याला चिकटवली की चकाकी वाया जाते. चकाकी खाली ठेवायची, म्हणजे धूळ बसत नाही. तापलेली शीटही चकचकीत बाजूने धग फेकत नाही, म्हणून ती खाली तोंड करून असली तरी तितकीच उपयोगी. थंडीत पहाटे पत्र्याला सुटणारं पाणी पूर्वी अंथरुणावर ठिबकायचं. आता ते शीटवर पडतं आणि उताराने वळचणीतून बाहेर जातं.

शेवटी फळ्यांवर रॉकवूल. त्याआधी सगळी वायर पाइपात घालून भिंतीवरून नेली, कारण लोकरीखाली दबलेली वायर तापते. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे. पुतण्याने पहिल्या दिवशी मोजे घातले नाहीत आणि रात्रभर हात खाजवत बसला. चंदेरी बाजू खाली, सांध्यांवर चंदेरी पट्टी, म्हणजे फळ्यांच्या फटींतून तंतू खाली येत नाहीत. शिडीच्या तोंडाला झाकण नव्हतं. ते फळीचं करून वर रॉकवूलचाच तुकडा चिकटवला. हे झाकण करायचं राहून गेलं असतं तर बाकीच्या कामावर पाणी पडलं असतं. मधोमध चालायला एक फळी टाकली.

एक भांडण झालं, ते बियाण्यावरून. आप्पा सोयाबीनचं घरचं बियाणं माळ्यावर ठेवत. मी अडवलं. ऊब आता फळ्यांच्या वर थांबणार, म्हणजे माळा तापतच राहणार, आणि सोयाबीनचं बी उष्णतेला फार नाजूक, उगवण लगेच घटते. थैल्या खाली मागच्या खोलीत आल्या आणि आईची जागा गेली. ती अजून बोलते त्यावर.

खर्च मजुरीसकट सुमारे 31 हजार आला. त्यात सर्वांत मोठी रक्कम मजुरीची, त्यानंतर रॉकवूलची.

मे 2024

पुन्हा तसाच दिवस निवडला, लिंबाखाली 41 अंशांचा. पत्रा दुपारी दोनला 47. माळ्यावरची हवा 43. फळ्यांची खालची बाजू 36. खोली 37. रात्री नऊला आदल्या वर्षी खोलीत 38.5 होतं, आता 35. आईने आकडे विचारलेच नाहीत. तिने पंखा लावला, खाली उभी राहिली आणि म्हणाली, "वारं गार लागतंय."

पण पहाटेचं गणित उलटं निघालं, आणि ते मी लपवणार नाही. आदल्या मेमध्ये पहाटे चारला खोलीत 29 होतं. आता 30.5. नुसता पत्रा दिवसा जितका तापतो तितकाच रात्री झपाट्याने गार होतो, आणि घराची उष्णता वर सोडतो. आता वर पांघरूण होतं. दगडी भिंतींनी दिवसभरात घेतलेली ऊब रात्री आत सोडली आणि तिला वर वाट नव्हती. माळवदाची माती दिवसभराची उष्णता स्वतःत साठवून उशिरा, सावकाश सोडायची. लोकर अडवते, साठवत नाही. मी हे वर्गात दर वर्षी शिकवते, आणि आईच्या घरी मला ते थर्मामीटर पाहूनच आठवलं.

उपाय स्वस्त होता. आई चोर आणि डास या दोन भीतींनी खिडक्या रात्री लावून घेत असे. समोरासमोरच्या दोन खिडक्यांना गज होतेच, त्यांना डासांची जाळी बसवली, 1,800 रुपयांत. रात्री नऊनंतर दोन्ही उघड्या, सकाळी आठला दोन्ही बंद आणि पडदे ओढलेले. आठवड्याने पहाटेचा आकडा 28 वर आला. सकाळी खिडक्या बंद करायचं आईला अजून पटत नाही, "वारं यायचं बंद होतं" म्हणते, पण सकाळी नऊनंतरचं वारं बाहेरची धगच आत आणतं. पश्चिमेच्या भिंतीला चुना मारला आणि चार वाजेपर्यंत तिच्यावर सावली पडेल अशी हिरवी जाळी बांधली. ती वाऱ्याने दोनदा फाटली. आता तिथे शेवगा लावला आहे.

पावसाळ्यात आणखी एक फरक पडला ज्याचा मी विचारच केला नव्हता. पत्र्यावर जोराचा पाऊस पडला की घरात बोललेलं ऐकू येत नसे आणि आप्पा उठून बसत. आता तो आवाज दबला आहे.

पांढऱ्या रंगावर उन्हाळ्याआधी धूळ साचते आणि त्याचं ऊन परतवणं कमी होतं. म्हणून होळी झाली की मिस्त्रींचा पुतण्या पाइप लावून पत्रा धुतो. बबल शीटचा एक सांधा वळचणीपाशी सुटला आहे, तो या दिवाळीत बघायचा. माळ्यावर उंदराच्या लेंड्या अजून दिसल्या नाहीत.

दुपारी जेवण झालं की आप्पा आता आतल्या खोलीत पडतात, गेल्या कैक वर्षांत पडले नव्हते तसे. रात्री मात्र त्यांची खाट दाराशीच असते, पाय उंबऱ्याकडे, 1993 पासून असते तशी. ती आत घ्या असं आम्ही कुणी म्हणत नाही.